रिसेट मारला, तरी फोन मूळपदावर येईना



या खेपेला पिकापाण्याचं काही लिहीत नाही. गेल्या दोन महिन्यांत एकाच दुखण्याची चार पत्रं आली आहेत. शब्द निरनिराळे, रड एकच. "मुलाने फोनमध्ये कसलंसं वेगळं सॉफ्टवेअर टाकलं. फोन झकास चालतो, पण बँकेचं ॲप उघडत नाही. दुकानात रिसेट मारून आणला, तरी तेच. आता फोन पहिल्यासारखा कंपनीचा कसा करायचा?" याचं उत्तर पोस्टकार्डावर मावायचं नाही. आणि खरं सांगायचं तर हे दुखणं आमच्याच घरात होऊन गेलंय. तेव्हा घरचंच सांगतो.

आमच्या थोरल्या वहिनींचा फोन आहे रेडमी नोट ७ प्रो. २०१९ साली तालुक्याच्या दुकानातून रीतसर पावती करून घेतलेला. आधी पुतण्याकडे होता. तो तंत्रनिकेतनात शिकत होता, आणि त्या वयातल्या पोरांचे हात स्वस्थ बसत नाहीत. कंपनीकडून फोनला नवीन काही येईना, फोन रेंगाळायला लागला, म्हणून २०२२ साली त्याने कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलं. फोन पुन्हा तरतरीत झाला. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली, त्याने नवा फोन घेतला आणि हा वहिनींकडे आला. वहिनींचं सगळं त्याच्यावर चालायचं. डेअरीचं दहा दिवसांचं बिल जमा झालं का ते बघायचं, बचत गटाचा हप्ता भरायचा, पशुखाद्याचे पैसे पाठवायचे.

एके दिवशी पैशाचं ॲप उघडेना. इंग्रजीत पाटी आली, तिचा अर्थ एवढाच की हा फोन सुरक्षित नाही. वहिनी बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्या आणि एका दुरुस्तीच्या दुकानात फोन दिला. पोरगा म्हणाला, "मावशी, रिसेट मारावा लागेल. बॅकअप आहे ना?" वहिनी म्हणाल्या, "आहे की, दिवसभर टिकतो." त्यांना वाटलं बॅटरीचं विचारतोय. आपल्याकडे बॅकअप म्हटलं की बॅटरीच आठवते, यात त्यांची काय चूक? त्याने तीनशे रुपये घेतले, रिसेट मारला, फोन कोरा करून हातात दिला. घरी येऊन ॲप पुन्हा टाकलं, तर तीच पाटी.

ॲप राहिलं बाजूला. त्या फोनमध्ये आमच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. २०२३ च्या दिवाळीत वहिनींनीच तिला आग्रहाने बसवून दहा-बारा ओव्या भरून घेतल्या होत्या. आई २०२४ च्या जानेवारीत गेली. ओव्या दुसरीकडे कुठं उतरवून ठेवाव्यात हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं.

आता रिसेटने नेमकं काय होतं, ते आधी समजून घेऊ. एकदा ते समजलं की पुढचं सोपं आहे.

रायवळ आंब्याच्या रोपावर केशरचं कलम बांधलं. झाड मोठं झालं. आता तुम्ही फांद्या छाटल्या, पार बोडकं केलं, तरी जोडाच्या वर फुटवा येईल तो केशरचाच येईल. रायवळ पुन्हा हवा असेल तर कलमाच्या जोडाखाली हात घालावा लागतो. फोनचं तसंच आहे. फोनमध्ये एक असतो आपला भरणा: फोटो, नंबर, आवाज, ॲपं. त्याच्या खाली असतं फोन चालवणारं सॉफ्टवेअर. रिसेट फक्त वरचा भरणा खरडून काढतो. खालच्या सॉफ्टवेअरला तो शिवतही नाही. कंपनीचं असेल तर कंपनीचं राहतं, पोराने बदललेलं असेल तर बदललेलंच राहतं. म्हणजे वहिनींच्या फोनला रिसेट मारून उपयोग काहीच नव्हता, आणि नुकसान मात्र पुरतं झालं.

काही जण विचारतील, गेलेले फोटो परत आणून देतो म्हणणारे असतात, त्यांचं काय? अलीकडच्या फोनमध्ये सगळा भरणा कुलूपबंद लिपीत ठेवलेला असतो आणि रिसेट मारला की त्या लिपीची किल्लीच मोडून टाकली जाते. राहिलेली अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत. पैसे मागणाऱ्याला आधी हे विचारा, आणि मग खिशात हात घाला.

हे दुसरं सॉफ्टवेअर येतं कुठून, हेही थोडक्यात सांगतो. रेडमी, सॅमसंग, मोटोरोला हे फोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. याची मूळ संहिता गुगलने खुली ठेवलेली आहे, कुणीही घ्यावी, सुधारावी. कंपन्या ती घेतात, तिच्यावर आपला साज चढवतात आणि फोन विकतात. तशीच हौशी माणसंही घेतात. २००९ साली अमेरिकेतल्या स्टीव्ह कोंडिक यांनी 'सायनोजेनमॉड' नावाचं असं सॉफ्टवेअर सुरू केलं. ते २०१६ च्या डिसेंबरात बंद झालं आणि त्याच्यातूनच 'लिनिएजओएस' निघालं, ते आजही चालू आहे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कित्येक जुने फोन या मंडळींनी जगवले आहेत. त्यामुळे पुतण्याने वाह्यातपणा केला असं मी म्हणणार नाही. त्याने फोनला तीन वर्षं वाढवून दिली. फक्त फोन आईच्या हातात देताना, यात आपण काय केलंय, हे त्याने सांगायला हवं होतं. बोललो मी त्याला.

मग पैशाची ॲपं का रुसतात? प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये चालू होताना सर्वांत आधी एक छोटा रखवालदार जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. फोनमधल्या सॉफ्टवेअरवर कंपनीची सही आहे का, हे तो पाहतो, आणि सही नसेल तर आत सोडत नाही. दुसरं सॉफ्टवेअर टाकायचं तर आधी या रखवालदाराचं कुलूप उघडावं लागतं. रेडमीमध्ये त्यासाठी कंपनीच्या खात्याशी फोन जोडून बहुधा १६८ तास, म्हणजे सात दिवस, थांबावं लागायचं. पुतण्या तेवढाही थांबला होता. कुलूप उघडं राहिलं की बँकेच्या ॲपला ते कळतं. ते गुगलच्या तपासणीला विचारतं, फोन जसा विकला तसाच आहे का? उत्तर 'नाही' आलं की ॲप दार लावून घेतं. आधारची चेहरा ओळखण्याची कामं, पीएम-किसानची २०२३ पासून चेहऱ्यावरून होणारी केवायसी, असल्या ठिकाणीही बदललेला फोन अडखळण्याचा संभव असतो. बँकेचं म्हणणं चुकीचं नाही. उघड्या कुलपाच्या फोनमध्ये कोण काय घालून ठेवेल, याची हमी बँकेने कशी द्यायची?

तुमचा फोन या वर्गातला आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, सेटिंग्जमध्ये जाऊन 'अबाउट' पाहा. तिथं 'प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन' अशी ओळ असते. 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' असेल तर ठीक. जुना फोन विकत घेताना पैसे मोजण्यापूर्वी ही ओळ बघायची सवय ठेवा. शिवाय फोन चालू होताना सुरुवातीच्या पडद्यावर उघड्या कुलपाचं चित्र, 'अनलॉक्ड' हा शब्द किंवा इंग्रजीत इशारा दिसला, तर कुलूप उघडं आहे म्हणून समजा.

दिवाळीला पुतण्या आला. त्याने आधी सोपी वाट सुचवली. म्हणाला, "काका, फोन बदललाय हे ॲपला कळूच नये, अशी साधनं मिळतात. अर्ध्या तासात होईल." वहिनी पोळ्या लाटत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "आणि पुन्हा बंद पडलं की पुण्याहून येशील का तू?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. असली लपवाछपवी आज चालते आणि बँकेने उद्या तपासणी बदलली की बंद पडते. ठरलं, फोन सरळ कंपनीच्या सॉफ्टवेअरवर न्यायचा. मी वही घेऊन शेजारी बसलो. पुढचं त्या वहीतलं आहे.

पहिलं काम म्हणजे फोनमध्ये जे काही आहे ते बाहेर काढणं. वहिनींच्या फोनमध्ये रिसेटनंतर जमलेलं थोडंच होतं, तरी पुतण्याने फोटो आणि नंबर लॅपटॉपवर उतरवले, आणि ते उघडतात की नाही हेही पाहिलं. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजता घेतलेली पोती. मग सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून डबीत ठेवलं.

दुसरं, *#०६# दाबून आयएमईआय नंबर लिहून घेतले. पंधरा आकडी नंबर, दोन सिमचे दोन. काम झाल्यावर हेच नंबर दिसले पाहिजेत. हा नंबर फोनमध्ये वेगळ्या कप्प्यात असतो, आणि चुकीच्या हाताने तो कप्पा पुसला गेला तर फोन दिसायला चांगला, पण रेंजच येत नाही. अशा वेळी दुसरा नंबर घालून देतो म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे आयएमईआयमध्ये फेरफार हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुना फोन घेताना नंबर खरा आहे का हे पाहायचं असेल तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवावा. सरकारी सोय आहे.

तिसरं, गुगल खातं आणि रेडमीचं खातं यांचे पासवर्ड. २०१५ सालापासूनच्या अँड्रॉइडमध्ये अशी व्यवस्था आहे की फोन बाहेरून पुसला तर तो आधीच्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून हे आहे. पण पासवर्ड विसरलेला मालक आणि चोर यांतला फरक फोनला कळत नाही. म्हणून पुतण्याने आधी सेटिंग्जमध्ये जाऊन दोन्ही खाती काढून टाकली आणि वहिनींकडून पासवर्ड वहीत लिहून घेतला. पासवर्ड सापडायला पाऊण तास गेला. तो गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर होता.

आता सॉफ्टवेअर. सगळ्यांत घात होतो तो इथं. एकाच नावाचा फोन कंपनी निरनिराळ्या देशांत विकते आणि प्रत्येक देशाचं सॉफ्टवेअर निराळं असतं. रेडमी नोट ७ प्रो भारतात विकला गेला आणि चीनमध्येही. दोन्हींचं टोपणनाव एकच, 'व्हायोलेट'. फायलीच्या लांबलचक नावात मात्र खूण असते. आमच्या फायलीच्या नावात आवृत्तीच्या आकड्यांपुढं 'क्यूएफएचआयएनएक्सएम' अशी सात अक्षरं होती. यातला क्यू म्हणजे अँड्रॉइड १०, एफएच म्हणजे हा फोन, आणि आयएन म्हणजे इंडिया. त्याच जागी सीएन असेल तर ते चीनचं. आपला फोन इथल्या दुकानातून पावतीवर घेतलेला, म्हणून आयएन. जत्रेतून किंवा कुणाच्या हातून घेतलेला असेल, तर खोकं आणि मॉडेल नंबर ताडून पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. बाहेरून आलेले फोनही आपल्याकडे फिरत असतात.

आवृत्तीही खालची घेऊ नये. जुनं सॉफ्टवेअर हलकं चालायचं, म्हणून ते टाकावं असा मोह होतो. पण पुष्कळ फोनांत आता मागं न जाण्याचा खुंटा ठोकलेला असतो. २०१८ साली रेडमी नोट ५ प्रो वर असा खुंटा आला. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी मागचं सॉफ्टवेअर टाकलं आणि फोन दगड होऊन बसले. गुगलच्या पिक्सेल ६ वर २०२२ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइड १३ आलं, तेव्हाही परत १२ वर जायची वाट बंद झाली. त्यामुळे आपल्या फोनसाठी कंपनीने दिलेलं शेवटचं सॉफ्टवेअर घेणं बरं. आणि घ्यायचं ते कंपनीच्या ठिकाणाहून. ग्रुपवर कुणीतरी टाकलेली फाईल घेऊ नका.

फाईल दोन-तीन जीबीची. आमच्या गावात दिवसा रेंजचे हाल, म्हणून रात्री लावून ठेवली, ती पहाटे उतरली. लॅपटॉपवर ती मोकळी करताना पुतण्याने सी ड्राइव्हवर एका शब्दाच्या नावाचं फोल्डर केलं. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की हे काम अडतं, असं तो म्हणाला. मला गंमत वाटली. पण यंत्राची रीत ती यंत्राची रीत.

विजेचं सांगून ठेवतो. हे काम अर्ध्यावर तुटलं तर फोन ना इकडचा ना तिकडचा होतो. डेस्कटॉपवर हे काम करू नये, वीज गेली की संपलं. बॅटरी भरलेला लॅपटॉप हवा, फोनही निम्म्याच्या वर भरलेला हवा, आणि केबल नुसती चार्जिंगची नको, माहिती नेणारी हवी. पुतण्याने फोनबरोबरची जुनी केबल कपाटातून शोधून काढली. घरातल्या सगळ्या पोरांना बाहेर पिटाळलं.

फोन बंद करून पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरलं. पडद्यावर 'फास्टबूट' असं आलं. मग केबल जोडली. लॅपटॉपवर 'मी फ्लॅश' नावाचा प्रोग्राम उघडला, त्यात फोनचा नंबर दिसला, फोल्डर दाखवलं. त्या खिडकीच्या अगदी तळाला बारीक अक्षरांत पर्याय असतात. एक 'क्लीन ऑल', म्हणजे सगळं पुसून नवं भर. एक 'सेव्ह यूजर डेटा', म्हणजे भरणा ठेवून भर. आणि एक 'क्लीन ऑल अँड लॉक', म्हणजे पुसून, भरून, शिवाय कुलूप लाव. बऱ्याचदा या शेवटच्यावरच आधीपासून टिंब असतं. घाईत माणूस तिकडे बघत नाही.

यात वाईट काय, असं मला वाटलं. शेवटी कुलूप लावायचंच आहे ना? पुतण्याने समजावलं ते ऐका. समजा फाईल चुकीची निघाली, चीनच्या फोनवर भारताचं सॉफ्टवेअर पडलं. कुलूप उघडं असेल तर बिघडत नाही, बरोबर फाईल आणून पुन्हा भरता येते. पण कुलूप लागलं तर रखवालदार जागा होतो, फोन एका देशाचा आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या देशाचं असं पाहतो आणि पडद्यावर लिहून टाकतो की हे सॉफ्टवेअर या फोनवर चालणार नाही. आणि कुलूप लागलेलं असल्यामुळे दुसरं भरूही देत नाही. मग सर्व्हिस सेंटरची पायरी चढायची. फोनमध्ये बदललेलं सॉफ्टवेअर तसंच ठेवून नुसतं कुलूप लावायला जाल, तरी गत तीच. आधी कंपनीचं सॉफ्टवेअर, मग पारख, आणि सगळ्यांत शेवटी कुलूप. हा क्रम मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवला आहे.

म्हणून आम्ही पहिल्या फेरीला 'क्लीन ऑल' घेतलं. सात-आठ मिनिटं हिरवी पट्टी सरकत होती. आणि शेवटी एकदम तांबडी ओळ आली, काम पुरं झालं नाही म्हणून! माझ्या पोटात गोळा आला. पुतण्या हसला. तो प्रोग्राम शेवटी कुलपाची खूण शोधतो आणि आपण कुलूप लावलेलंच नसतं, म्हणून तक्रार करतो. फोन तर आपोआप चालू झाला होता. पहिल्या वेळी चालू व्हायला बराच वेळ घेतो, दहा मिनिटंही लागतात. त्या वेळात बटणं दाबू नयेत. आम्ही मधल्या वेळात चहा घेतला.

फोन उघडला. सात वर्षांपूर्वी दुकानात पाहिला होता तसाच चेहरा. सिम घातलं, रेंज आली. *#०६# दाबून वहीतले नंबर ताडून पाहिले. बोलून पाहिलं, कॅमेरा पाहिला, बोटाचा ठसा पाहिला. 'अबाउट फोन' मध्ये आवृत्तीच्या अक्षरांत आयएन आहे, हे मी चष्मा लावून स्वतः वाचलं. त्यानंतर तीच फाईल दुसऱ्यांदा भरली, या वेळी कुलपासकट. कुलूप लावताना भरणा पुन्हा पुसला जातो, म्हणून फोटो आणि नंबर परत घालण्याची घाई आधी करायची नाही, कुलपानंतरच घालायचे. फोन पुन्हा चालू झाला तेव्हा पडद्यावरची 'अनलॉक्ड' ही खूण गेली होती. प्ले स्टोअरमध्ये 'सर्टिफाइड' दिसलं. वहिनींनी ॲप टाकलं, सिमवरून मेसेज गेला आणि खातं उघडलं. डेअरीची दोन बिलं जमा झालेली होती. एक त्यांना ठाऊकच नव्हतं.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचा फोन आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गुगलच्या पिक्सेलचं काम तुलनेने सोपं, गुगल स्वतःच ब्राउझरमधून भरून देण्याचं साधन देतं. सॅमसंगला 'ओडिन' नावाचा प्रोग्राम वापरतात. त्यात चार खणांत चार फायली घालाव्या लागतात. त्यातली सीएससी नावाची फाईल घातली तर भरणा पुसला जातो, होम-सीएससी घातली तर राहतो. मात्र बदललेल्या सॉफ्टवेअरवरून परत येताना पुसून घेणंच बरं. सॅमसंगची एक गोष्ट मात्र कधीच मूळपदावर येत नाही. त्यांच्या फोनात 'नॉक्स' नावाची सुरक्षा असते. एकदा कुलूप उघडून परकं सॉफ्टवेअर घातलं की तिची शून्याची खूण एक होते, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर भरून, कुलूप लावूनही ती पुन्हा शून्य होत नाही. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पैशाचं पाकीट त्या फोनवर पुढं चालत नाही. तेव्हा सॅमसंगमध्ये असले उद्योग करण्यापूर्वी पोरांनी दोनदा विचार करावा.

हे घरी करावं की दुकानात? घरात जाणतं पोर असेल, लॅपटॉप असेल आणि दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर घरी करायला हरकत नाही. नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जावं आणि सरळ सांगावं की यात दुसरं सॉफ्टवेअर होतं, कंपनीचं भरून द्या. लाजायचं कारण नाही. साध्या दुकानात दिलाच तर "रिसेट नको, कंपनीचं सॉफ्टवेअर मारून हवंय, आणि कुलूप लावून हवंय" असं बोलावं. 'सॉफ्टवेअर मारणं' हा त्यांचाच शब्द आहे, लगेच समजतात. आणि फोन हातात देण्यापूर्वी आतलं जे जपायचं ते काढून घ्यावं.

एक उणी बाजू राहिली. कंपनीचं जे शेवटचं सॉफ्टवेअर आम्ही भरलं ते अँड्रॉइड १० वरचं, म्हणजे मुळात २०१९ सालचं. त्याला आता सुरक्षेची डागडुजी येत नाही. पुतण्याने काढून टाकलेलं सॉफ्टवेअर याच्यापेक्षा नवं होतं. म्हणजे बँकेच्या नजरेत फोन सुधारला, पण चोरवाटा बुजवण्याच्या बाबतीत मागंच गेला. हे मला फारसं पटलेलं नाही, पण आजची व्यवस्था अशी आहे. आम्ही त्यावर तोड काढली. वहिनींनी बँकेत एक लहान खातं काढलं, पैशाचं ॲप त्याच खात्याला जोडलं आणि मोठी रक्कम जुन्या खात्यातच, फोनपासून लांब ठेवली. अनोळखी दुवा उघडायचा नाही, प्ले स्टोअरच्या बाहेरून काही घालायचं नाही. पुढल्या गळिताचं बिल आलं की नवा फोन घ्यायचा, असं थोरल्या भावाने कबूल केलंय. बघू.

आणि ओव्या. पुतण्याने लॅपटॉपवर तासभर खटपट केली, पण रिसेटमध्ये गेलेलं हाती लागलं नाही. मग वहिनींना आठवलं की आईच्या वर्षश्राद्धाच्या वेळी त्यांनी कराडच्या नणंदेला काही पाठवलं होतं. आमच्या बहिणीने तिचा फोन धुंडाळला, तिच्याकडे तीन निघाल्या. एकीत मध्येच कुत्रं भुंकतंय आणि आई ओवी थांबवून त्याला हाकलतेय. त्या तीन आता लॅपटॉपवर आहेत, पुण्याला पुतण्याकडे आहेत, आणि एका मेमरी कार्डावर घालून वहिनींनी ते कार्ड दागिन्यांच्या डबीत ठेवलंय.

ज्यांनी पत्रं पाठवली त्यांनी पुढच्या पत्रात फोनचं पूर्ण नाव, कुठून घेतला ते, आणि चालू होताना पडद्यावर काय दिसतं ते लिहावं. पासवर्ड मात्र लिहू नका. एका वाचकांनी चक्क लिहून पाठवला होता, मी तो फाडून चुलीत घातला.